झिरोभाऊंचे पाच डॉलर

नागपुरात झिरो दोन आहेत. पहिला विधानभवनाजवळ उभा आहे. दगडी खांब, चार घोडे आणि शेजारी 1907 सालचा सर्वेक्षणाचा दगड. बाहेरगावचे पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढतात आणि आपण देशाच्या मधोमध उभं राहून आलो या समाधानात संत्रा बर्फी घेऊन गाडीत बसतात. दुसरा झिरो आमच्या लेआउटात राहतो. त्याच्यासमोर कोणी थांबत नाही. थांबलं की पाऊण तास जातो, आणि निघताना आपल्या हातात एखादी वायर असते.

या दुसऱ्या झिरोला सारा लेआउट झिरोभाऊ म्हणतो. त्यांचं खरं नाव आता गॅसच्या पुस्तकावर आणि पगारपत्रकावर तेवढं उरलं आहे. वय पन्नाशीपलीकडे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, त्याच्या खिशात दोन पेनं, आणि तिसरं पेन समजून सही करायला मागाल तर हातात येतो तो स्क्रू ड्रायव्हर. नोकरी सरकारी, लेखापरीक्षणाची. त्या खात्यात भाऊंचा दरारा मोठा. एका कार्यालयाच्या प्रवासभत्त्यात रिक्षाचे अठरा रुपये जास्त लागले होते, त्यावर भाऊंनी चार पानी आक्षेप लिहिला. रिक्षात बसलेला कारकून निवृत्त झाला, रिक्षा भंगारात गेली, आक्षेप अजून प्रलंबित आहे. जाहिरातीतली ताऱ्याखालची बारीक अक्षरं भाऊ आधी वाचतात आणि मोठी नंतर.

2016 च्या फेब्रुवारीत 251 रुपयांत स्मार्टफोन मिळणार म्हणून सारा देश वेडा झाला होता. आमच्या लेआउटातले पोट्टे रात्रभर नोंदणीसाठी जागले. भाऊंनी फक्त अर्ज वाचला आणि सकाळी दूध घेता घेता जाहीर केलं, "251 नाही राजेहो, 291. घरपोच करायचे चाळीस वेगळे लावून राहिले. छुपा खर्च आहे हा. फसू नका!"

हे सांगत असताना त्यांच्या दुसऱ्या हातात पाच डॉलरचा एक कम्प्युटर होता.

त्याचा इतिहास असा. केंब्रिजच्या रास्पबेरी पाय मंडळींनी 2012 साली आपला पहिला एकपट्टी कम्प्युटर विकायला काढला, तो 35 डॉलरला. नंतर 26 नोव्हेंबर 2015 रोजी त्यांनी ‘पाय झिरो’ आणला. किंमत पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीनशे रुपयांच्या आत. लांबी 65 मिलिमीटर, रुंदी 30, वजन 9 ग्रॅम. त्यांच्या मासिकाच्या त्या वेळच्या अंकाच्या मुखपृष्ठाला तर तो चक्क फुकट चिकटवला होता. "अंकासोबत कम्प्युटर!" असं म्हणून भाऊ भेटेल त्याचा दंड गदगदा हलवत. भाचा इंग्लंडात होता, त्याच्याकडून एक नग आला. त्या दिवशी भाऊंमधला लेखापरीक्षक घरच्यापुरता दीर्घ रजेवर गेला, तो अजून रुजू झालेला नाही.

उद्घाटनाला मी होतो. वहिनींनी बोर्डाला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं तर भाऊ ओरडले, "अवो, शॉर्ट होईल ना बाप्पा!" मग कुंकू पाकिटाला लागलं. पेढा सगळ्यांना मिळाला. आता टीव्हीला जोडायचं. टीव्हीची नेहमीची एचडीएमआय वायर त्या बोर्डात जाईना, कारण त्याचं भोक मिनी. भाऊ स्कूटर काढून बर्डीच्या बाजारात गेले आणि अडॅप्टर घेऊन आले. आता कीबोर्ड. मोठी यूएसबी नाही. दोन बारकी भोकं, त्यातलं एक वीज घेण्याचं. उरलेल्या एकात कीबोर्ड, माउस आणि इंटरनेट असे तीन संसार थाटायचे. भाऊ पुन्हा बर्डीला. या खेपेला ओटीजी केबल आणि तिला लावायला हब. त्या हबला वाय-फायचा डोंगल, कारण बोर्डात वाय-फाय नव्हतं आणि लॅनच्या वायरीला भोकही नव्हतं. डोंगल लावला तशी कीबोर्डाने मान टाकली, कारण एका भोकातून सगळ्यांना पुरेल एवढी वीज येईना. म्हणून स्वतःचा चार्जर असलेला दुसरा हब. दोन चार्जर झाले, भिंतीत पॉइंट एक. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड. संध्याकाळपर्यंत टीव्हीखाली वायरींचा एवढा गुंता झाला, की त्यात कम्प्युटर कोणता हे दाखवायला भाऊंना चष्मा लावावा लागला.

तरी तो मधूनच बंद पडे. रास्पबेरी पायच्या मोठ्या भावंडांना वीज कमी पडली, की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकून इशारा तरी मिळतो. झिरोला तीही सोय दिलेली नाही. तो न सांगता निघून जातो. भाऊंनी चार्जर बदलला, मग तो बदललेला चार्जर बदलला, आणि शेवटी दोष निघाला वायरीत. वायर लांब आणि आतून बारीक. चार्जरातून निघालेली पाच व्होल्टची वीज वाटेतच झिजत होती. चांगली जाड वायर आणली. तिची किंमत कम्प्युटरच्या बरोबरीला आली नाही, पण फार लांबही राहिली नाही.

कार्डाची कथा निराळी. या कम्प्युटराला डिस्क नसते, सगळं मायक्रो एसडी कार्डावर. पहिलं कार्ड भाऊंनी फुटपाथवरून घेतलं. वर 32 जीबी छापलेलं, भाव अर्धा. त्यात प्रत्यक्षात चारच जीबी होते. पाचव्या जीबीपासून जे टाकाल ते कार्ड हसतमुखाने स्वीकारी आणि कुठेच ठेवत नसे. भाऊ म्हणाले, "आमच्या हापिसात अशी दोन माणसं आहेत."

मग बोर्डाच्या काठावरची चाळीस भोकं. त्यांत पिना बसवल्या की दिवे, पंखे, सेन्सर काय वाटेल ते जोडता येतं. पिना अर्थातच वेगळ्या घ्यायच्या. त्या जोडायला सोल्डरिंग आयर्न, आयर्नला स्टँड, डाग द्यायला तारेचं रीळ आणि फ्लक्स. पहिल्या दिवशी दोन पिना एकमेकींना कायमच्या चिकटल्या आणि डायनिंग टेबलाच्या सनमायकाला भोक पडलं.

मी न राहवून विचारलं, "भाऊ, आतापर्यंत किती गेले?"

"पाच डॉलर."

"आणि हे बाकीचं?"

भाऊंनी डायरी काढली. आखीव, रेघा लाल शाईच्या. अडॅप्टर होता ‘टीव्ही देखभाल’ या शीर्षाखाली. दोन हब आणि केबल ‘किरकोळ सादिल’. डोंगल ‘दूरसंचार’. कार्डं ‘पोट्ट्याचं शिक्षण’. आयर्न आणि रीळ ‘घरगुती अवजारे’. सनमायका ‘फर्निचर, दुरुस्ती’. बर्डीच्या खेपांचं पेट्रोल ‘व्यायाम’, कारण गाडी लावल्यापासून तिथल्या मोदी नंबर तीनच्या गल्लीपर्यंत चालावं लागतं. संध्याकाळी टीव्ही अडकला म्हणून वहिनींच्या मालिका बुडाल्या आणि त्यापायी एक जुना मॉनिटर घ्यावा लागला. त्याची नोंद ‘कौटुंबिक सलोखा’ अशी. आणि ‘कम्प्युटर’ या शीर्षाखाली एकच ओळ: पाच डॉलर.

"प्रत्येक खर्चाचं आपापलं लेखाशीर्ष असते राजेहो," भाऊ म्हणाले. "पूल बांधला त त्याच्याकडे जायचा रस्ता पुलाच्या खर्चात धरतात काय?"

सरकारी अंदाजपत्रकं कोळून प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी पेढा खाल्ला.

रविवारी सकाळी भाऊंचा दरबार तर्री-पोह्यांच्या गाडीवर भरतो. तिथे त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी येत, पॉलिटेक्निकमधले एक सर. हे नऊ डॉलरवाले. म्हणजे 2015 मध्येच कॅलिफोर्नियातल्या एका नव्या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ‘चिप’ नावाचा नऊ डॉलरचा कम्प्युटर काढला होता, त्याचे हे भक्त. चिपमध्ये वाय-फाय होतं, ब्लूटूथ होतं, चार जीबी जागाही होती. सर एकेक गुण बोटावर मोजत. भाऊ शांतपणे लिंबू पिळत आणि मग बाण सोडत, "सर, टीव्हीला जोडायचा तो एचडीएमआयवाला तुकडा केवढ्याचा आहे तुमचा?"

"पंधरा डॉलर," सर खालच्या आवाजात.

"ऐका! कम्प्युटर नवाचा, न टीव्हीले जोडायचा तुकडा पंधराचा! याला म्हणतात छुपा खर्च."

"अहो, पण तुमच्यात वाय-फाय तरी आहे का?"

"ते दूरसंचारमध्ये येते."

एकदा पोहेवाल्याने हा सगळा वाद शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि झारा खाली ठेवला. "म्हंजे भाऊ, पोहे पाच रुपयांचे. तर्रीचे वेगळे, फरसाणाचे वेगळे, कांद्याचे वेगळे. प्लेट घरून आणा, न चमचा बर्डीवरून. असे पोहे म्या इकले त लोकं मले शंकरनगरपर्यंत हाणत नेतील."

दोन्ही पक्षांनी या हस्तक्षेपाचा निषेध केला आणि तर्री पुन्हा मागितली. ती फुकट असते.

2018 मध्ये ती चिपवाली कंपनी बंद पडली. भाऊ सरांकडे रीतसर समाचाराला गेले. बराच वेळ कोणी बोललं नाही. "आता अपडेट कुठून यायचे?" सर म्हणाले. सरांचा बोर्ड ठणठणीत होता, दिवा लागत होता, पण मागे उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं. स्वस्त कम्प्युटर घेताना तो करणाऱ्याचं आयुष्यही आपण विकत घेत असतो आणि ते पावतीवर छापत नाहीत, हे सरांना तेव्हा कळलं. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नऊ डॉलर म्हणजे जास्तच होते ना पण."

मधल्या काळात भाऊंवर एकदा प्रादेशिक अस्मितेचा झटका येऊन गेला. चीनमधल्या शेनझेनहून ‘ऑरेंज पाय’ नावाचे बोर्ड येतात असं त्यांना कळलं. "संत्रं! आपल्या गावाचा कम्प्युटर आहे बाप्पा हा." बनाना पायही आहे, असं मी सुचवलं. "तो जळगाववाल्यांनी घ्यावा. रास्पबेरी महाबळेश्वरवाल्यांची. आपलं काम संत्र्यावर." त्यात लॅनचं भोक होतं, भाव हलका होता आणि कागदावर सगळं रास्पबेरीपेक्षा दणकट होतं. उणीव एकच, की रास्पबेरीची अडचण विचारली तर जगभरातून शंभर माणसं उत्तर द्यायला धावतात आणि संत्र्याची विचारली तर आपल्याच अडचणीत सापडलेला दुसरा कोणीतरी भेटतो. मदतीची पानं चिनी लिपीत. भाऊंनी तीही वाचली. म्हणजे त्यातले आकडे वाचले, आणि दोन ठिकाणी बेरीज चुकली आहे असं म्हणाले.

शिवाय संत्रं तापायचं. त्या बोर्डातली चिप मुळातच गरम डोक्याची, त्यात नागपूरचा मे महिना. दुपारी पारा पंचेचाळीसला भिडला की माणसं दारं लावून घेतात आणि बोर्ड आपणहून मंदावतो. भाऊंनी त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली, वर इवलासा पंखा बसवला, आणि तेवढ्यावर भागेना तेव्हा त्यांना आयुष्यातली सर्वांत तर्कशुद्ध कल्पना सुचली. मे महिन्यात नागपुरातली सर्वांत थंड जागा कोणती? कुलरचं पोट. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत घालून त्यांनी कुलरच्या आत टांगला. बोर्ड खरंच थंड झाला. वाय-फायही थंड झालं. चहूबाजूंनी लोखंडी पत्रा आणि पाण्याने निथळणाऱ्या वाळ्याच्या ताट्या. रेडिओलहरींना अडवायचं तर याहून पक्की तटबंदी प्रयोगशाळेतही मुद्दाम बांधावी लागेल. यावर उपाय म्हणून सिग्नल वाढवणारं यंत्र आलं. त्याची नोंद ‘कुलर, हंगामी दुरुस्ती’ अशी झाली. पुढे एका दुपारी पंपाची नळी निसटून डबीवर पाणी पडलं आणि संत्रं गेलं. ती रक्कम भाऊंनी ‘नैसर्गिक आपत्ती’ या शीर्षाखाली माफ करून टाकली.

28 फेब्रुवारी 2017 ला केंब्रिजवाल्यांनी झिरोत वाय-फाय आणि ब्लूटूथ घालून नवा बोर्ड आणला. किंमत दहा डॉलर. मला हायसं वाटलं. हबाचा, डोंगलाचा, चार्जराचा सगळा पसारा पाच डॉलर जास्त टाकून मिटत होता. मी धावत सांगायला गेलो तर भाऊंचा चेहरा उतरलेला. "दुप्पट केला भाव," ते म्हणाले. "शंभर टक्के वाढ. सरकार असतं तर पडलं असतं." आणि त्यांनी जुन्या झिरोसाठी आणखी एक डोंगल घेतला. साडेसातशे रुपयांचा.

अशा माणसाचा संसर्ग घरापुरता राहत नाही. लेआउटातल्या गणपती मंदिरात कोणाच्या घड्याळाप्रमाणे आरती व्हावी यावरून दर महिन्याला भांडण होई. भाऊंनी एक देणगी मिळालेला टीव्ही भिंतीवर लावला, त्याला झिरो जोडला आणि तारीख, तिथी, आरतीची वेळ, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळं पडद्यावर येईल अशी व्यवस्था केली. अध्यक्षांनी ठराव मांडला की यापुढे फलक हाच प्रमाण. ठराव बिनविरोध मंजूर झाला. भाऊंनी देवाला नमस्कार केला आणि खर्च सांगितला. पाच डॉलर.

उन्हाळ्याच्या शेवटी एक संकष्टी आली. चंद्रोदय रात्री 9.50 चा. साडेसातच्या सुमारास वावटळ सुटली, कडुनिंबाच्या फांद्या तारांवर पडल्या आणि सगळा लेआउट अंधारात गेला. सुमारे अडीच तासांनी वीज आली. टीव्ही उजळला. इंटरनेट मात्र आलं नव्हतं. आता गोष्ट अशी आहे, की या बोर्डात घड्याळ चालू ठेवणारा सेलच नसतो. वेळ तो इंटरनेटवरून उसनी घेतो. वीज गेली की शेवटची टिपून ठेवलेली वेळ उराशी धरतो आणि वीज आल्यावर जणू काही घडलंच नाही अशा थाटात तिथून पुढे मोजू लागतो. त्यामुळे बाहेरच्या जगात दहाला पाच कमी असताना फलकावर साडेसात वाजले होते.

आभाळ गच्च. चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. सभामंडपात दिवसभराच्या उपाशी बायका, समोर मोदकांचं ताट, आणि ताटाच्या मागे ठराव हातात घेतलेले अध्यक्ष. "मोबाइलमध्ये दहा वाजून राहिले," कोणी म्हणालं. "मोबाइल ठरावात नाही," अध्यक्ष म्हणाले. भाऊ पडद्यामागे वायरी हलवत होते. "इंटरनेट येऊ द्या, आपोआप दुरुस्त होते!" दहा मिनिटं गेली. फलकावर 7.42 झाले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी भिंतीला धरून उठल्या. "काऊन रे, चंद्राले तुयं वाय-फाय लागते काय?" असं विचारून त्यांनी स्वतःच आरती सुरू केली. साऱ्या मंडपाने टाळ्या धरल्या. फलकावर तोपर्यंत ‘आरतीस अवकाश आहे’ अशी अक्षरं सरकत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी घड्याळाचं वेगळं मोड्यूल आणून बसवलं. नाण्याएवढ्या सेलवर चालतं ते, दीडशे रुपयांत. ‘धर्मादाय’.

त्यांना फक्त एकाच माणसाने निरुत्तर केल्याचं मला माहीत आहे, आणि तो माणूस कम्प्युटरवाला नव्हता. काटोलच्या वाटेवरच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेला भाऊंनी दहा झिरो भेट दिले. हार झाले, नारळ झाला, गुरुजींनी दहाही बोर्ड जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. महिन्याभराने भाऊ प्रगती पाहायला गेले. मीही होतो. कपाट उघडलं तर बोर्ड होते तसे, पाकिटातच.

"वापरून नाही राहिले, गुरुजी?"

"सर, कसे वापरू?" गुरुजी फार नम्र होते. "ज्याच्या घरी टीव्ही आहे, कीबोर्ड आहे, चार्जर आहे, वाय-फाय आहे, त्याला ही वस्तू पाच डॉलरची. माझ्या पोरांसाठी हिची किंमत म्हणजे एक टीव्ही, एक कीबोर्ड, एक चार्जर, एक इंटरनेट, आणि ते सगळं चालवायला दिवसभर टिकणारी वीज. स्वस्त वस्तू स्वस्तात पडायला आधी बरंच काही घरात असावं लागते, सर."

भाऊ काही बोलले नाहीत. तीस वर्षं इतरांना आक्षेप लिहिणाऱ्याला पहिल्यांदा कोणी आक्षेप लिहून दिला होता, तोही तोंडी, आणि मुद्देसूद. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, तो स्क्रू ड्रायव्हर निघाला, मग दुसरं काढलं आणि यादी केली. पुढच्या महिन्यात शाळेत एक मॉनिटर गेला, कीबोर्ड आणि माउस गेले, जाड वायरीचा चार्जर गेला, इन्व्हर्टरची बॅटरी गेली. बोर्ड मात्र वाय-फाय घातलेला, दहा डॉलरचा गेला. सुट्टीच्या दिवशी भाऊ स्वतः जाऊन शिकवू लागले. सहावीतल्या एका पोरीने चाळीस पिनांपैकी बरोबर दोन पिना शोधून लाल दिवा लुकलुकता केला, तेव्हा भाऊंनी टाळी वाजवली. हे श्रेय मी बोर्डाला देतो. इतकी छोटी, इतकी उघडी आणि बिघडली तरी घर बुडणार नाही अशी वस्तू पोरांच्या हातात बिनधास्त देता येते. महागड्या लॅपटॉपला त्या पोरीने बोटही लावलं नसतं. लावू दिलं नसतं.

शाळेचा सगळा खर्च भाऊंनी ‘कम्प्युटर’ या शीर्षाखालीच लिहिला. डायरीत असं प्रथमच घडलं. पण त्याने एक भलताच घोटाळा झाला. वहिनींना ते पान दिसलं आणि त्यांनी मागची पानंही उघडली. टीव्ही देखभाल, सादिल, दूरसंचार, सलोखा, आपत्ती, व्यायाम. वहिनी शिवणकामाचे हिशेब ठेवतात, त्यांना बेरीज करायला लेखाशीर्ष लागत नाही. रात्री जेवताना त्यांनी आकडा सांगितला. मी शेजारी म्हणून ऐकला, पण तो छापणार नाही.

"एवढ्यात दोन लॅपटॉप आले असते," वहिनी म्हणाल्या.

"आले असते ना," भाऊ म्हणाले आणि वरणात तूप घातलं. "पण पाच डॉलरले आले असते काय?"

वहिनींनी डायरी बंद केली. एवढं निखळ उत्तर ऐकल्यावर माणूस दुसरं काय करणार?

मला वाटलं, आता हे प्रकरण उतरणीला लागलं. निवृत्ती जवळ आली होती, मंदिराचा फलक वेळेवर चालू होता, शाळेत दिवे लुकलुकत होते. मग 2021 चा जानेवारी उजाडला. एका सकाळी भाऊ मास्क लावून फाटकाशी उभे. डोळ्यांवरूनच मला कळलं की केंब्रिजला काहीतरी झालं आहे.

"राजेहो, चार डॉलर!"

"कशाचे?"

"नवा निघाला. पिको. चार डॉलरचा! मागच्यापेक्षा एक डॉलर स्वस्त." त्यांनी डायरी माझ्यासमोर धरली. नवं पान, जमेच्या बाजूला पहिली नोंद: बचत, 1 डॉलर. "न या वेळी एकही भानगड नाही बाप्पा. टीव्ही लागत नाही. कीबोर्ड लागत नाही. हब नाही, डोंगल नाही, कार्डसुद्धा नाही. सगळा छुपा खर्च खतम!"

"मग याला काय लागते, भाऊ?"

"काहीच नाही," झिरोभाऊ म्हणाले. "याच्यात प्रोग्राम टाकायला फक्त एक कम्प्युटर लागते."